रंगीत ट्रॅक

चौबे कॉलनीतल्या घरी शिशिर आठवडाभर कॉम्प्युटरसमोर बसून होता. सिनेमाचं पार्श्वसंगीत त्याला मोठ्या वाद्यवृंदासाठी रचायचं होतं. पण एकही सूर न लावता तो स्क्रीनवरच्या आडव्या पट्ट्यांपैकी व्हायोलिनच्या ट्रॅकला निळा, ट्रम्पेटच्या ट्रॅकला लाल रंग देत होता. कोणतं वाद्य किती मोठ्यानं वाजेल, तेही आकड्यांत मांडत होता.

"अहो, निर्मात्याचे फोनवर फोन येऊन राहिले. पहिले धून बनवा न. हे रंग काहून भरून राहिले?" बायको अनुश्री रडकुंडीला आली होती. ती मॉनिटर बंद करायला गेली, तेव्हा त्यानं तिचा हात घट्ट धरला.

"राहू दे, अनु. डॉक्टर म्हणते, दिवाळीपर्यंत दुसरा कानही जाईल. मग मले सारं डोळ्यानंच ऐका लागेल."