किडकी दाढ

"तोंड उघड," अनंत वैद्य म्हणाले.

अंजनाने ओठ घट्ट मिटले. ओसरीवर हंबीरराव पाटील मांडी ठोकून बसला होता. त्याच्यादेखत दात दाखवायला ती काही बाजारात उभी केलेली म्हैस नव्हती.

"बगा, आशी हाय ही!" सासू धोंडुबाई तोंडावरचा पदर न काढताच कडाडली. "तोंडाला वास मारतोय म्हनलं तर गुरगुरती. हिच्याम्होरं मला घास गिळवत न्हाई. माजी भाकर घिऊन म्हशीमागं वड्याला जाते, तितंच बसून खाते. हिला काय, ही मळ्यात हादडती. वैद्यबुवा, ह्यो रोग हाय म्हून सांगा. आजच माहेरला धाडते."

"धाडून तर बगा," अंजना म्हणाली. "मी हितनं हलनार न्हाई."

धोंडुबाईचा एकुलता एक लेक, अंजनाचा नवरा जोतीराम, 'चले जाव'च्या धामधुमीत गोऱ्या सरकारविरुद्ध उठला, त्याला वर्ष उलटून गेलं होतं. दोन साथीदारांसह तो गावाभोवतीच्या उसातच कुठेतरी दडलाय, असा पाटलाचा वहीम. पुरुषभर उंच उसात शिरायची पोलिसांची छाती होत नव्हती. मग पाटलाने अक्कल लढवली. जोतीरामच्या घरातला सगळा जोंधळा त्याने चावडीत नेऊन ठेवला आणि दोन बायकांपुरतेच दाणे रोज मापून द्यायला लागला. भूक लागली की उंदीर आपोआप बिळाबाहेर येतो, असं तो चारचौघांत सांगायचा. उंदीर काही येत नव्हता. म्हणून आज सासूसुनेच्या भांडणात वैद्य येणार म्हटल्यावर स्वारी न बोलावता हजर झाली.

"पोरी," आष्ट्याहून बैलगाडीने आलेले वैद्य समजुतीने म्हणाले, "आपल्या तोंडाचा वास आपल्याला येत नसतो. त्यात लाजायचं काय? दात घासतेस ना?"

"रोज. राखुंडीनं."

"मिश्री, तंबाखू?"

"न्हाई."

"कच्चा कांदा? लसूण?"

"पाटील दानं मापून देत्यात. कांदा न्हाई देत."

पाटील खोटं खोटं हसला.

"जेवतेस पोटभर?"

"दोन येळा," अंजना म्हणाली. उत्तर जरा घाईने आलं.

शेवटी तिने तोंड उघडलं. दात मक्याच्या कणसासारखे भरलेले, एकही डाग नाही. हिरड्या साफ. जीभ मात्र कोरडी, पांढरी पडलेली. वैद्य वाकले आणि तिथेच थांबले. निर्जळी उपास ओढणाऱ्या बायकांच्या तोंडाला त्यांनी हा वास घेतला होता. दुष्काळाच्या सालात तर घरोघर घेतला होता. रिकाम्या पोटाचा वास. त्यांची नजर तिच्या हाताकडे गेली. मनगटातल्या बांगड्या कोपराकडे घसरत होत्या.

मळ्यात नेलेली भाकरी कुठे जाते, हे त्यांना कोणी सांगायची गरज उरली नाही. त्यांनी वर पाहिलं. अंजना त्यांच्या डोळ्याला डोळा भिडवून बसली होती. त्या नजरेत विनवणी नव्हती. सांगायचं तर सांगा, एवढंच होतं.

"काय निगालं, वैद्य?" पाटलाने विचारलं. "सोता खाती, का आनि कुनाला चारती?"

वैद्यांनी पिशवीचं तोंड आवळलं.

"दाढ किडलीय," ते म्हणाले. "आतली आहे. तिचाच वास."

"आस्सं? मग काडा की आत्ताच. किडकी दाढ कशी आस्ती, मला बी बगू द्या."

वैद्यांचा हात पिशवीवरच राहिला. नाही म्हणावं तर पाटील सगळं ताडणार, हो म्हणावं तर काढायची कुठली? तेवढ्यात अंजनानेच बोट तोंडात घातलं आणि एका धडधाकट दाढेवर टेकवलं.

"हीच ती. काडा. लय दिस छळतीया मला."

वैद्यांनी चिमटा धरला. दाढ घट्ट होती, दोनदा हिसका दिला तरी सुटेना. हनुवटीवरून रक्त ओघळलं, पण बाईच्या तोंडून हूं की चूं निघालं नाही. सगळा वेळ ती पाटलाच्या तोंडाकडे बघत होती. अखेर त्यानेच मान खाली घातली.

दाढ निघाली तसा पाटलाने हात पुढे केला. पण धोंडुबाई आधीच झेपावली. तिने ती चिमट्यातून हिसकावली, क्षणभर पाहिली आणि ओसरीवरूनच शेणाच्या उकिरड्यात भिरकावली.

"माज्या दारात घान नको! आन् पाटील, दुसऱ्याच्या सुनंच्या तोंडातलं हाड हातात घिताय व्हय? जरा तरी लाज धरा!"

पाटील थुंकला, वहाणा पायात सरकवून चावडीकडे चालता झाला.

अंजनाने मिठाच्या पाण्याने चुळा भरल्या, भाकरीचं फडकं उचललं आणि मळ्याची वाट धरली. आज तर ती जेवली नाही तरी कोणी कारण विचारणार नव्हतं.

वैद्य गाडीत बसले तेव्हा त्यांचं डोकं तापलं होतं. अशी सून, आणि तिला घराबाहेर काढायला निघालेली ही सासू! धोंडुबाई चाकाशी आली, तसे ते उसळलेच.

"बाई, तिला माहेरी धाडलंत तर माझ्याशी गाठ आहे! अहो, जरा माणुसकी शिका त्या पोरीकडून."

धोंडुबाईने गल्लीत दोन्ही बाजूंना पाहिलं. मग तिने तोंडावरचा पदर पहिल्यांदाच खाली घेतला आणि टाचा उंचावून वैद्यांच्या कानाशी तोंड नेलं.

"दाढ चांगली हुती, वैद्यबुवा. पाटलाला दिसली आस्ती. माहेरला तरी दोन घास खाईल, म्हून धाडत हुते तिला."

वैद्यांनी चमकून मान वळवली, आणि धोंडुबाईच्या तोंडाचा वास त्यांच्या नाकात शिरला. तोच, रिकाम्या पोटाचा.