एक वर्षाची बाळं

चार दिवसांच्या खटपटीनंतर चुका टिपणारं ते सॉफ्टवेअर एकदाचं चालू झालं. बाळांच्या दवाखान्याचं नोंदणीचं ॲप कुठेही अडखळलं, की आता तिच्या पडद्यावर ओळ उमटणार होती. दवाखान्याची माहिती बाहेर जायला नको, म्हणून तिने सगळं ऑफिसच्याच कोपऱ्यातल्या जुन्या मशीनवर बसवलं होतं. साहेबांनी बजावलं होतं, "संध्याकाळपर्यंत उपयोग दाखव, नाहीतर मशीन दुसऱ्या कामाला."

पडदा रिकामा.

"दुकान मांडलंस, पण गिऱ्हाईकच नाही," शेजारच्या टेबलावरून मास्तर म्हणाले. ॲप त्यांनीच लिहिलेलं. "अगं, सहा महिन्यांत एक तक्रार नाही."

"न येवो, मास्तर. पण माझे चार दिवस पाण्यात जातील त्याचं काय?"

साडेतीनला पहिली ओळ उमटली. पाठोपाठ दुसरी, तिसरी. सात मिनिटांत नऊ. एकाच फोनवरून, एकच चूक: वय भरलेलं नाही.

"वय न टाकताच बटण दाबत सुटतात," मास्तर हसत उठून आले. "याला मी काय करू?"

तिने ओळ उघडली. वय भरलेलं होतं. शून्य.

मग तिने मास्तरांचा कोड काढला. वय पूर्ण वर्षांत मागितलेलं, आणि शून्य आलं की कोड रकाना कोराच धरत होता. घरी आजीपाशी ठेवलेली तिची मुलगी सात महिन्यांची. मुलीचं वय म्हणून तिनेही शून्यच टाकलं असतं.

दहावी ओळ आली नाही.

"कंटाळली बिचारी आई," मास्तर म्हणाले. आता ते हसत नव्हते.

"नाही. झाली नोंदणी." तिने दवाखान्याची यादी उघडली. तोच फोन नंबर. वय: एक.

ती यादी मागे मागे सरकवत गेली. दोन वर्षांची मुलं एकोणसाठ. एक वर्षाची चारशे बारा. त्याहून लहान एकही नाही.

"तक्रार येणार कुठून, मास्तर? प्रत्येकीला वाटलं, आपलंच काहीतरी चुकतंय."

मास्तर खुर्ची ओढून बसले. औषधाचं माप यादीतल्या वयावरून निघत होतं. ते गणितही त्यांच्याच हातचं.

"दवाखान्यात फोन लाव," ते म्हणाले. "साहेबांना मी नंतर सांगतो. आधी दवाखान्यातल्यांना म्हणावं, एक वर्षाचं म्हणून जे बाळ समोर येईल, त्याला उचलून बघा, मगच औषध मोजा."