दोघांच्या सहीनं

विड्रॉल पास झाला, पैसे अमरसिंगच्या खिशात गेले, आणि मग लालीबाईनं पिशवीतून एक फॉर्म काढून काउंटरवर ठेवला. निघायला वळलेला अमरसिंग तिथंच थांबला.

ढाणकीचा बाजार होता. बँकेत पाय ठेवायला जागा नव्हती, पण या नवराबायकोला काउंटरवरच्या निशिगंधा मॅडम लांबूनच ओळखत. दर बाजारी नवरा तांड्यावरून येणार, बायको इथल्याच भावाच्या घरून येणार, आणि दोघं मिळून स्लिपवर सही करणार. खातंच तसं होतं. एकट्याच्या सहीनं पैसा हलायचा नाही, एटीएम कार्ड नाही, मोबाइलवर काही नाही. अन् तसंच पाहिजे होतं या माणसाला. कापसाचे पैसे हातात आले की अमरसिंगचे डोळे बाजारभर फिरायला लागत. कधी लाउडस्पीकर आणला, कधी शेळी सोडून नुसता बोकड आणला, आणि एकदा तर पोरीच्या, रुपालीच्या, नर्सिंगच्या फीचे पैसे देऊन घोडा! लग्नात भाड्यानं देऊ म्हणे. त्या घोड्यापायीच लालीबाईनं हे खातं उघडायला लावलं आणि लुगडी गाठोड्यात बांधून भावाकडे निघून आली.

घरात दोघं आपल्या बंजाऱ्यांच्या गोरबोलीतच बोलायची. भावाकडे आल्यापासून ती त्याच्याशी मराठीत बोलते, तेही तुम्ही म्हणून. जसं काही तलाठ्याशीच बोलून राह्यली.

मॅडमनं मागे त्याला सांगून पाहिलं होतं की महिन्याचे पैसे एकदम काढत जा, हेलपाटे वाचतील. तो हो म्हणाला, आणि पुढच्या बाजारी पुन्हा फवारणीच्या एका डब्यापुरती स्लिप घेऊन हजर. लालीबाई विचारायची कायले पाहिजे, तो सांगायचा, ती सही करायची. एवढंच काय ते बोलणं. पण तेवढ्यासाठी हा गडी धुतलेला शर्ट घालून, मिशीला तेल लावून पहिल्या गाडीनं यायचा.

"आता तुमच्या एकट्याच्या सहीनं पैसे निघतीन," लालीबाई फॉर्म त्याच्यापुढे सरकवत म्हणाली. "रुपालीले यवतमाळले नोकरी लागली. मी तिच्यापाशी राहाले चालली. दर बाजारी येणं काही होणार नाही."

त्याचा हात आता आवरला आहे, असंही ती मॅडमला म्हणाली. तांड्यावरच्या बायांकडून तिनं सगळं विचारून घेतलं होतं. इतक्या दिवसांत वावगा म्हणून एक पैसा गेला नव्हता. हे ती रागानं बोलली असती तर त्याला बरं वाटलं असतं. ती अगदी सरळ बोलली, कुणा पाहुण्याबद्दल बोलावं तशी. मॅडमनाही आनंद झाला. त्या म्हणाल्या, बस, दोघांच्या आधारची झेरॉक्स लावा, झालं काम.

झेरॉक्स मी आणतो, म्हणून अमरसिंग दोन्ही कार्डं घेऊन बाहेर पडला.

झेरॉक्सचं दुकान बँकेला लागूनच होतं. तो त्याच्यासमोरून गेला आणि थांबला नाही. बाजाराच्या टोकाला दोरखंडवाल्याकडे कासरे आणि बैलाच्या घुंगुरमाळा टांगलेल्या होत्या. अमरसिंगकडे बैल नव्हते. कधीचेच विकले, वखरणी-नांगरणी सगळी भाड्याच्या ट्रॅक्टरनं. जन्मभर त्यानं डोळ्यात भरला तोच माल घेतला होता. ही माळ त्याला जराही आवडली नाही. पितळ पातळ, दोरी नायलॉनची, आवाज फुटका. भावसुद्धा न करता त्यानं ती घेतली, आणि फवारणीच्या पैशातून घेतली.

परत येऊन त्यानं ती काउंटरवर फॉर्मच्या शेजारी ठेवली. मॅडमनं विचारलं, झेरॉक्स कुठाय. राह्यली, तो म्हणाला. रांगेतलं कुणीतरी खुदकन हसलं.

"बैल कुठं आहेत?" लालीबाईनं विचारलं.

"घेऊ ना."

तिनं माळ उचलली, कानाशी नेऊन हलवली. दोरी चिमटीत धरून पाहिली. मग ती त्याच्याकडे बघत राहिली. त्याला सांगायचं होतं की घर खायला उठते, चूल पेटवावी वाटत नाही, तू गेलीस तर मी कायले यावं ढाणकीले. पण हे मराठीत कसं सांगायचं ते त्याला सुचेना, आणि बोलीत बोलायची हिंमत होईना.

"भिकार माल आहे," ती हळूच म्हणाली. "तुम्ही असा माल कधी घेत नाही."

अमरसिंगनं मान खाली घातली. लालीबाईनं फॉर्मची घडी घातली आणि पिशवीत टाकली. वरून माळही टाकली.

"मॅडम, राहू द्या. हा माणूस काही सुधरला नाही. खातं राहू द्या दोघाच्याच सहीचं."

मग रुपालीकडे जायचं काय, हे मॅडमच्या ओठावर आलं होतं. पण त्यांनी एकदा दोघांकडे पाहिलं आणि पुढचा नंबर पुकारला.

बँकेच्या पायऱ्या ती पुढे उतरत होती, तो मागे. तिच्या पिशवीत ती माळ फुटक्या आवाजात वाजत होती. शेवटच्या पायरीवर ती थांबली. मागे वळून न बघता, किती दिवसांनी, तिनं आपल्या बोलीत विचारलं,

"बाटी खादो?"

जेवला का, एवढंच विचारलं होतं. अमरसिंग घरून चांगला पोटभर खाऊन निघाला होता.

तो नाही म्हणाला.