राखेचे चित्र

सीताबाईने ओल्या फडक्याने चित्र पुसून काढले, तेव्हा प्रदर्शन उघडायला तासभर होता. पांढरा कॅनव्हास उघडा पडला. बादलीतले पाणी करडे झाले. राख सरसात कालवून लावलेली होती, आणि सरस पाण्याने सुटतो.

चिटणीस महादेवराव दारातच थबकले. जपानहून आलेली ही बावीस आधुनिक चित्रे वर्ध्यानंतर नागपूरला जायची होती.

"दोन देशांची मैत्री पुसून टाकली तू!" ते ओरडले. "उद्यापासून झाडायले येऊ नको."

"मैत्री नाई जी, राख पुसली."

चित्रकार मोरिता त्यांच्यामागेच होते. ते पुढे आले आणि कोऱ्या कापडावरून बोट फिरवत राहिले. सोबत दुभाषी म्हणून ड्रॉइंग मास्तर लक्ष्मणराव होते. चित्राखालची चिठ्ठी त्यांनीच काल सीताबाईला वाचून दाखवली होती : हिरोशिमातल्या माझ्या घराची राख. मुलगी घरात होती. वय चार. त्या बाँबला बारा वर्षे झाली होती.

"काऊन पुसलं, बाई?" मास्तरांनी विचारले.

"मेलेल्याची राख इतकी वर्सं ठेवते का कोणी? आमच्यात तिसऱ्या दिवशी राखेवर पाऊल पाह्यतात. मेलेलं मानूस येऊन गेलं का, ते समजते. मंग राख उचलतात. नाई तं जीव तिथंच अटकते. चार वर्साचं लेकरू, मास्तर. बारा वर्सं अटकून राह्यलं."

मास्तरांनी ते इंग्रजीत सांगितले. मोरिता सीताबाईकडे वळले. मग त्यांनी एकच गोष्ट विचारली. पुसण्याआधी तिने पाहिले का? पाऊल होते का?

"नवतं," सीताबाई मान हलवत म्हणाली.

याचे भाषांतर करावे लागले नाही. मोरिता भिंतीला धरून खाली बसले.

महादेवरावांनी तिला दार दाखवले. ती हलली नाही. बादलीच्या तळाशी राख बसली होती. तिने पाणी अलगद ओतून दिले, तळातला गाळ हाताला लावला, मूठ वळली आणि मुठीची कड कॅनव्हासवर दाबली. वर बोटाने पाच ठिपके दिले. वीतभरही नसलेले एक पाऊल.

"आता हाय," ती म्हणाली.

मोरितांची नजर तिथून हटेना. मास्तर हळूच म्हणाले, "हे तं तू काढलं, बाई."

"मंग कोण काढते, मास्तर? माह्या पोराच्या राखेवर माह्या सासूनं काढलं होतं."