मंत्र्यांच्या पंगतीला

इसाक आज मुंबईत मंत्र्यांच्या पंगतीला जेवणार, असा हलीमाबीनं पनवेलच्या मोहल्लाभर डंका पिटला होता. तिचा लेक दुभाषा. अरब पाहुण्यांच्या सरकारी बैठकीत इंग्रजी बोलणं अरबीत आणि अरबी बोलणं इंग्रजीत करून सांगणारा. शाही खाना जेवूनच येणार म्हणून तिनं घरी त्याचा वाटा ठेवलाच नव्हता. संध्याकाळच्या एसटीनं इसाक आला तेव्हा ओटीवर शेजारी जमलेच होते.

"काय काय व्हतं रं जेवनात?" महादेवकाकांनी विचारलं.

"बिर्याणी, मुर्ग, तीन तऱ्हेचं गोड."

"आन चव?"

"चव कुठली, काका? मंत्री बोलायचे तेव्हा पाहुणे जेवायचे, पाहुणे बोलायचे तेव्हा मंत्री. मी दोन्ही वेळेला बोलत होतो. ताट भरलं तसंच परत गेलं."

हलीमाबी उठली. आपल्या वाटणीची भाकरी आणि सुक्या बोंबलाचं कालवण तिनं लेकापुढं ठेवलं.

"मंग अरबांच्या त्या सुएझ कालव्यावरनं लढाई व्हनार का नाय?" महादेवकाका पुढं सरकले.

"महादेवभाऊ, लढाईचं मागनं बगू," हलीमाबी म्हणाली. "ह्याचं जेवान होईस्तवर कुनी तोंड उघडायचं नाय."