नवं वाहन

गुडघा सुजला आणि श्रीरंगने थेट दवाखाना गाठला. ब्याण्णव साली एचआयव्ही असल्याचं कळलं तेव्हा पन्नाशीही गाठणार नाही असं वाटलं होतं. आता साठी उलटली तरी साधी शिंकसुद्धा यमाचं बोलावणं वाटायची. तरुण डॉक्टर एक्स-रे पाहून हसली आणि सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "अंकल, धिस वन नॉट एचआयव्ही. ओल्ड ऑलरेडी लाह!" वयाने झिजलेल्या गुडघ्यासाठी तिने काठी वापरायला सांगितली. यिशुन भागातल्या फ्लॅटवर बायकोने नव्या काठीला हळदकुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला, नारळही फोडला. "सिंगापुरात गाडी घेणं काही जमलं नाही. हेच आपलं वाहन!" ती म्हणाली. हारासकट काठी मिरवत तो खाली निघाला. लिफ्टमध्ये शेजारच्या मिसेस टॅननी विचारलं, "आय्यो, व्हॉट हॅपन्ड?" दवाखान्याच्या फेऱ्यांसाठी आजवर त्याने त्यांना मूळव्याधीपासून दातदुखीपर्यंत थापा मारल्या होत्या. आज गरजच नव्हती. छाती फुगवून तो म्हणाला, "ओल्ड ऑलरेडी लाह!"