नववी कुटी

"सात बाप सांग," म्हातारा म्हणाला.

कुबातनं गाडीतून जेमतेम एक पाय खाली टाकला होता. डोंगरातली जुनी माणसं नाव नंतर विचारतात, आधी वंश. कुबात हसून सांगू लागला. बाप, आजा, पणजा, खापरपणजा. पाचव्यावर अडला.

"शहरात राहून विसरायला होतं, काका."

"बापजादे विसरलास आणि शांती शोधायला आमच्या दरीत आलास," दोरोनबेक म्हणाला. मग ड्रायव्हरकडे वळला. "तू रे?"

शेरगाझीनं सातही नावं एका दमात सांगितली, वर आठवं फुकट दिलं. म्हाताऱ्यानं त्याच्या पाठीवर थाप मारली.

बेगिमाय मागच्या सीटवरून नकाशांची नळी ओढून काढत होती. तिला वंश न विचारताच म्हातारा चहा आणायला आत गेला.

ध्यानकेंद्राचा आराखडा तिचा होता. कड्यावर पाहुण्यांसाठी आठ कुट्या, कच्च्या विटांच्या, आतून लोकरीच्या नमद्याचं अस्तर. वीज सूर्याची. झऱ्याला पाइप लावायचा नाही, पाणी घागरीनं आणायचं. नववी कुटी कुबातची स्वतःची. येत्या हिवाळ्यात, थंडीच्या ऐन चाळीस दिवसांत, तो तिथं एकटाच चिल्ल्याला बसणार होता. जुने सूफी बसायचे तसा.

"आणि एकाही झाडाला हात लावायचा नाही," कुबातनं सकाळपासून तिसऱ्यांदा बजावलं.

"वर कुणीतरी लावलाय," शेरगाझी म्हणाला.

वरच्या उतारावर आर्चा या डोंगरी सदाहरित झाडाचे तोडलेले बुंधे होते. शेकडो, करडे पडलेले.

"ते जुनं आहे. बारा वर्षं झाली असतील. माझा लाकडाचा धंदा होता तेव्हा. ट्रक पलीकडच्या खिंडीतून जायचे, या बाजूला मी कधी उतरलोच नाही." कुबातनं बुंध्यांकडे पाठ केली. "म्हणून तर हे सगळं. प्रायश्चित्त म्हण."

म्हातारा दारात उभा होता. हातात चहाची किटली. त्यानं कुबातचा पेला काठोकाठ भरला.

"साहेब, काठोकाठ," शेरगाझी पुटपुटला. "आमच्याकडे याचा अर्थ, प्या आणि चालते व्हा."

"हात थरथरतो रे म्हाताऱ्याचा."

किटली अजिबात थरथरत नव्हती.

घरामागे दोन कबरी होत्या. शेरगाझी जवळ जाऊन दगडावरचं वाचून आला. "तुमची माणसं का, बाबा?"

"बायको आणि धाकटा. एकाच सकाळी गेली. अकरा वर्षं झाली."

"कशानं?"

"बर्फ."

"इथली थंडी वाईटच," कुबात म्हणाला. मग त्यानं विषय बदलला. "काका, तुम्ही दरी जाणता. माझ्या कुटीला जागा कुठली चांगली?"

दोरोनबेकनं उताराच्या पायथ्याशी बोट दाखवलं. तिथं भूर्जांचं छोटं बन होतं, पानं पिवळी झालेली. "कड्यावर वारा फार. तिथं वारा नाही. कुणी येत नाही, आवाज नाही."

बेगिमायनं नकाशा उलगडला. त्या जागी आधीच पेन्सिलीचा ठिपका होता.

"मलाही तीच जागा योग्य वाटली होती," ती म्हणाली.

तिघं बनात गेली. बेगिमायनं पोकळ गिरमिट खोडात फिरवलं, पेन्सिलीएवढी बारीक काडी बाहेर काढली आणि भिंगातून वलयं मोजली. दुसरं झाड. तिसरं.

"अकरा," ती म्हणाली. "सगळी अकरा वर्षांची."

"सगळी एकाच वयाची कशी?" कुबातनं विचारलं.

"चराई बंद झाली की रोपं एकदम उठतात."

खोडं बुडाशी वाकलेली होती, सगळी एकाच दिशेला, उताराखाली. ते तिनं वहीत लिहिलं नाही. गवतात चार घडीव दगड सापडले, चौकोनात.

"इथं काय होतं?"

"गोठा असेल," बेगिमाय म्हणाली. "पाया आयता मिळाला."

परतताना शेरगाझीनं कुबातला बाजूला घेतलं. "साहेब, ऐका माझं. म्हाताऱ्यानं पेला भरला तो हाकलायला, आणि जागा मात्र सगळ्यात छान दाखवली. चाळीस दिवस तुम्ही एकटे. काही झालं तर तुमचा आवाजसुद्धा कुणाला ऐकू यायचा नाही. त्याच्या डोक्यात काहीतरी आहे."

"तुला हरेक म्हातारा खुनी वाटतो."

पण तो अस्वस्थ झाला. त्यानं नकाशा गाडीच्या टपावर पसरला, पेन काढलं आणि थांबला.

"बेगिमाय, स्पष्ट सांग. मी त्या म्हाताऱ्याच्या शब्दावर नाही, तुझ्या शब्दावर सही करतोय. जागा धोक्याची नाही ना?"

तिनं वर बुंध्यांकडे पाहिलं, मग कोनमापकाकडे. अडतीस अंश; वर धरून ठेवायला झाडं नसली की एवढ्या उतारावरून बर्फाचा कडाच सुटतो.

"उतार मी मोजलाय. झाडं मोजलीत. माझ्या मापात चूक नसते."

कुबातनं सही केली.

बेगिमाय झऱ्याचं पाणी मोजायला दोन दिवस मागं राहणार होती. शेरगाझीनं तिची पिशवी उतरवून ओट्यावर ठेवली आणि डोकं खाजवलं.

"एक कळलं नाही, ताई. म्हाताऱ्यानं आम्हाला सात बाप विचारले. तुम्हाला नाही."

"बाईमाणसाला कोण विचारतंय."

"माझ्या आजीला तर लग्नाच्या दिवशीसुद्धा विचारले होते," शेरगाझी म्हणाला आणि गाडीत बसला.

गाडी वळणाआड गेली. धूळ खाली बसली. मग दोरोनबेकनं दुसरा पेला आणला आणि त्यात चहा अर्ध्याहून कमी ओतला, आपल्या माणसाला ओततात तेवढा.

"सांग," तो म्हणाला.

बेगिमायनं पेला दोन्ही हातांत धरला, कबरींकडे तोंड केलं आणि सातही नावं क्रमानं, न अडखळता सांगितली.

पहिलं नाव दोरोनबेक होतं.